मंडईतल्या संडासाची किल्ली

परळच्या एका मंडईत मासे विकणाऱ्या माहीमच्या कोळीण मावशीवर अन्याय झाला, तो बुधवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. वेळ तिच्याच मोबाईलमधली आहे.

"थांब गो, पयले लिवते." तिच्याकडून कधी बांगडे घेतले असतील, तर हे तुम्हीही ऐकलं असेल. हातातला मासा खाली, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर. ओल्या बोटाला मोबाईल दाद देत नाही, म्हणून अंगठा आधी पुसायचा. मी जवळ असले तर माझ्या ओढणीला.

"मावशी, बसमध्ये लोक लांब सरकतात माझ्यापासून."

"बरं ना. जागा भेटते."

तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, कायमची. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागे, कधी रक्त पडे. डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर अॅप टाकून दिलं होतं. जाऊन आलं की हसरा, गप्प किंवा रडका चेहरा दाबायचा. रक्त असेल तर लाल ठिपका. त्यावरून गोळ्या ठरायच्या. वाचता बेताचंच येई, पण एक नोंद चुकवली नाही.

मंडईत बायकांचा संडास एकच. मुकादमाने त्यात बर्फाच्या पेट्या रचून कुलूप घातलेलं, किल्ली त्याच्या कमरेला. मावशी दर वेळी मागायची. तो दर वेळी म्हणायचा, "परत? आत्ता तर जाऊन आलीस," आणि कुरकुरत किल्ली द्यायचा.

मी तिथे संडासासाठी सह्या गोळा करत होते. पुराव्यापुढे कोणाचं चालत नाही, असं माझ्याच पत्रकात छापलं होतं. मीच तिला म्हणाले, "मावशी, मोबाईल दाखवा त्याला."

तिने दाखवला. त्याने तो हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "आज सहावी खेप. दोनदा रक्त. आणि ह्याच हातांनी पापलेट कापते."

शेजारच्या ओट्यावरची हसली. समोरच्या गिऱ्हाईक बाईंनी हातातलं पापलेट परत पाटीत टाकलं. किल्ली मिळालीच नाही. लुगडं तिथेच खराब झालं. मावशीने अंगठा पुसला, रडका चेहरा दाबला, लाल ठिपका दाबला. अकरा वाजून सात मिनिटं. ही तिची शेवटची खरी नोंद.

त्यानंतर ती दिवसातून एकदाच दाबायची. हसरा.

"खोटं का दाबता, मावशी?"

"वाचनारे लय झाले गो."

मंडईत असेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नव्हती. मी डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढचं पत्रक छापायचं होतं.

बाईंनी महिन्याभराचे हसरे चेहरे पाहिले. "बरं वाटतंय ना?" मावशीने मान हलवली. गोळ्या कमी झाल्या. तीन आठवड्यांनी आतडं फाटलं आणि मावशी गेली. मोबाईलमध्ये त्या सकाळचाही हसरा चेहरा आहे.

"तोंडानं नीट सांगितलं असतं तर दिली असती की किल्ली," मुकादम मला म्हणाला.

तिच्या ओट्यावर आता दुसरी बसते. तीही सकाळी पाणी पीत नाही. पेट्या तिथेच आहेत, कुलूपही.

रविवारी पिशवी घेऊन जाल, तेव्हा भाव विचारू नका. आधी मुकादमाकडे बायकांच्या संडासाची किल्ली मागा. तो "कशाला?" म्हणेल. कुलूप उघडेपर्यंत मासे घेऊ नका.