शिशाच्या एप्रनची घडी

सातवीत शाळा सुटली. तेव्हापासून मला एकच काम नीट येतं, घडी घालायचं. सोलापुरात चादरींच्या कारखान्यात मी दिवसभर घड्याच घालायचो. आधी मधोमध उभी, मग आडवी, मग पुन्हा एकदा आडवी, आणि वरून तळहात फिरवायचा. चादर कुणी बोळा करून टाकली तर तिथेच कामाला असलेले वडील मारायचे नाहीत, पण त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत. ती सवय अंगात राहिली.

नागपूरला आलो तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कंत्राटावर. तिथे पायावर गाठोडं पडलं आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला नेलं. एक्स-रे काढणाऱ्या मॅडम मूळच्या नागपूरजवळच्या खाप्याच्या. पाय मशीनखाली सरळ करता करता त्यांनी विचारलं, कुठले गा तुम्ही, बोलणं इकडचं नाही वाटत. मी सांगितलं. कंत्राट गेलं हेही सांगून बसलो. प्लास्टर काढायला परत गेलो तोवर त्यांनी आमच्या सरांकडे, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे, माझ्यासाठी शब्द टाकलेला होता. तेव्हापासून मी तिथल्या एक्स-रे खात्यात अटेंडंट आहे. परक्या गावात माझ्यासाठी शब्द टाकणारं दुसरं कोणी नव्हतं. आजही नाही.

पेशंट टेबलावर घ्यायचे, म्हाताऱ्यांना धरून उभं करायचं, दागिने काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवायचे. भिंतीवर पाटी आहे, दिवस गेले असतील तर आधी सांगा. ज्या बायांना वाचता येत नाही त्यांना मीच विचारायचो. वरच्या मजल्यावर आयसीयूत चाकांचं मशीन न्यायचं असलं की मॅडम आणि मी दोघं जायचो. मी पेशंटला धरायचो, त्या लांब उभ्या राहून बटण दाबायच्या. दोघांच्या अंगावर किरण अडवणारे शिशाचे एप्रन. ओल्या चादरीसारखे जड.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, एप्रन टांगून ठेवायचे. मी ते दिवसा, कामाच्या वेळेपुरतंच धरलं. संध्याकाळी घरी जाताना एवढी मोलाची वस्तू दांडीवर लोंबती सोडायची मला लाज वाटे. मी दोन्हींची घडी घालून कपाटात ठेवायचो, वरून तळहात फिरवायचो. सकाळी मॅडम येण्याआधी काढून दांडीवर टांगायचो. दीड वर्ष. कोणाला दिसलं नाही, कारण मी कामाला चोख होतो.

मॅडमना दिवस गेले तेव्हा सर म्हणाले, आता मशीन घेऊन वर जाऊ नका. पण दुसरा टेक्निशियन काम सोडून गेला होता, नवा मिळत नव्हता, आणि वरून फोन येतच राहिले. मॅडम म्हणायच्या, एप्रन आहे ना. मी मागून त्यांच्या एप्रनच्या पट्ट्या आवळून बांधायचो. आवळताना मला बरं वाटायचं, की यांच्यासाठी आपण काहीतरी करतोय.

सातवा महिना होता. वर्षातून एकदा एप्रनचाच एक्स-रे काढतात, आत शिसं शाबूत आहे का ते बघायला. मागच्या वर्षी काही निघालं नव्हतं. मॅडमचा एप्रन मी टेबलावर पसरला आणि काचेमागे त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एप्रन पांढरा उमटला. त्या पांढऱ्यावर मधोमध एक उभी काळी रेघ, तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा. काळं म्हणजे तिथे शिसं चिरलेलं, किरण आरपार. मधली आडवी रेघ बरोबर पोटावर येत होती. ती घडी मी ओळखली. चादरीची घडी होती, माझ्या हातची.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या.

"चिरा एवढ्या सरळ काहून पडल्या गा भाऊ?"

जुना झाला असेल, असं म्हणता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं. नोकरी गेली, हे आधी मनात आलं. मूल नंतर आलं, हे मी लपवत नाही.

"मी घडी घालायचो," म्हणालो. "रोज."

"घडी? चादर आहे काय गा ते?"

ओरडल्या नाहीत. एरवी एप्रनखाली असणारा, कमरेशी लावलेला बॅज त्यांनी काढून हातात घेतला. अंगावर किती किरण पडले ते त्या बॅजमध्ये साठतं, तीन महिन्यांनी तो तपासायला परगावी जातो. तिमाही संपतच आली होती. सर म्हणाले, तुम्ही लांब उभ्या राहता, फार काही नसेल, पण आकडा आल्याशिवाय मी बोलणार नाही. मॅडमचं वर जाणं त्या दिवशी बंद झालं. मला कोणी काढलं नाही. मॅडमनीच सरांना सांगितलं होतं, त्याने स्वतःहून सांगितलं, नाहीतर मी अजून तोच घालून राहिली असती.

मग वाट बघणं. चिरलेले एप्रन लाल पट्टी मारून कोपऱ्यात ठेवले होते, त्यांच्याकडे पाठ करून मी काम करायचो. बायांना विचारायचं, दिवस गेलेत का, तर मी पाटीकडे बघून विचारायचो. दाराबाहेरचा लाल दिवा लागला की उगाच वाटे, आत कोणीतरी उभं आहे आणि आपण दार लावून घेतलंय. मॅडम डब्यातली भाजी आधीसारखीच पुढे करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, आज पोरगं हलून नाही राहिलं सकाळपासून. सहज म्हणाल्या. दुपारी हलल्याचं सांगेपर्यंत मी तीन पेशंटची नावं चुकीची पुकारली.

रिपोर्ट आला तेव्हा सरांनी कागद उघडला आणि म्हणाले, मर्यादेत आहे. मॅडमना तेवढ्याने झालं नाही. त्यांनी स्वतः आपल्या ओळीवरून बोट फिरवलं, दोनदा. मग बोट खाली सरकलं, कागद संपेपर्यंत.

"तुमचं नाव कुठं आहे गा भाऊ?"

नव्हतंच. अटेंडंटला बॅज नसतो, असं आमच्याकडे चालत आलेलं.

"मी तर लांब राहते," त्या म्हणाल्या. "पेशंटले धरून तुम्ही उभे राहता. तसाच चिरलेला एप्रन घालून."

मी म्हणालो, मला काय होतंय. त्या हसल्या नाहीत. रजेवर जायच्या आधी सरांच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी माझा फॉर्म भरून घेतला.

आता माझ्याही एप्रनखाली बॅज आहे. पण दीड वर्षाचं तो काही सांगणार नाही, आत्ताचंच सांगेल. संध्याकाळी नवे एप्रन टांगताना हात अजून घडीकडे वळतात, मी ते मागे घेतो.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. मुलगी झाली, चांगली आहे, सगळं जागच्या जागी आहे म्हणाल्या. मी रस्त्यातच थांबलो.

"तुमचा रिपोर्ट आला काय गा भाऊ?"

"नाही," म्हणालो. "अजून नाही आला."