भाजक्या मातीतलं शिसं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्या रस्त्यावर जुन्या बॅटऱ्या वितळवायचे. त्या धुरात शिसं. धूर गरम असतानाच ते पकडता येईल का, या प्रश्नानं मला पछाडलं होतं. प्रयोगशाळेतले मदतनीस भाऊ अहेरीकडचे. त्यांनी गावाहून भिंती सारवायची पांढरी माती आणली. आम्ही ती धुतली, वस्त्रगाळ केली, वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून भाजल्या आणि लालबुंद तापलेल्या नळीत भरून त्यांतून शिशाची वाफ सोडली. पलीकडे शिसं आलंच नाही! मातीनं गट्ट केलं. पण कसं? आत बसलं तरी कुठे? मला दुसरं काही सुचेना.

त्यात मला सातवा महिना. भाजक्या मातीच्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. कोऱ्या गोळ्यांच्या डब्यातली एखादी मी रोज चघळायची.

एक दिवस डबा जरा जास्तच भरलेला दिसला.

"वापरलेल्याही त्यातच टाकतो, बाई," भाऊ म्हणाले. "चांगल्या पांढऱ्याशुभ्र राहतेत, फेकू कशाले?"

"कधीपासून?"

"झाले असतीन आठ-दहा दिवस."

मी त्यांच्यावर ओरडले, मग डबा ओढून घेतला. मातीनं शिसं धरलं हे खरं, पण आंबट पोटात गेल्यावर ती ते सोडते का?

डब्यातल्या मूठभर गोळ्या कुटल्या. थोडी पूड पाण्यात, थोडी पोटातल्याइतक्या सौम्य आम्लात कोमट ठेवली. गाळून त्यात एका क्षाराच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. शिसं असलं की हळदीसारखं पिवळं होतं. आधी नुसत्या शिशाच्या द्रावणात टाकून पाहिला. लगेच पिवळं. मग आमचं पाणी: स्वच्छ. आम्ल: स्वच्छ. हुश्श!

भाऊ मात्र जागचे हलेनात. "म्हणजे पोटात गेल्या तरी चालते ना, बाई?"

"आता कोणी खायच्या नाहीत. पण माझं निभावलं."

"तसं नाई. तुम्ही शिकलेल्या बाई खाऊन राह्यल्या, म्हून म्याही मूठभर घरी नेल्या. बायकोलेही दिवस गेलेत."

सुटलेला जीव पुन्हा अडकला. स्वतःपुरतं एकदा पाहून मी मोकळी झाले होते. आता मन मानेना; त्या मुठीत वापरलेली गोळी आलीच नसली तर? अख्खा डबा कुटला, आम्ल दुप्पट कडक घेतलं. थेंब टाकताना भाऊंनी डोळे गच्च मिटले.

"उघडा," मी म्हटलं. "पिवळं नाही झालं."

ते तिथंच फरशीवर बसून रडायला लागले. मीही.