शालनमावशींच्या जिभेवरचे जंतू

चुळांच्या औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी ‘सात दिवस’ लिहिलेलं. मी शालनमावशींना सांगितलं, “रोज दोनदा चूळ भरत राहा, चांगलं असतं.” डोंबिवलीत दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर झालो, म्हणजे एवढी अक्कल पाजळायलाच हवी. मावशींनी दोन महिने औषधी चुळा भरल्या. बीपी एकशे तीसवरून एकशे साठवर गेलं.

मावशी कल्याणच्या बाजारात चाळीस वर्षं पालेभाजी विकतात. नवऱ्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीही माठाच्या जुड्या बांधायला हजर होत्या. उरलेली भाजी संध्याकाळी स्वतःच्या ताटात. गिऱ्हाइकाने पालक उलटापालटा केला की विचारणार, “मुलगी बघायला आलास का रे?” बीपी चढल्यावर मुलाने, उत्तमने, गाळ्यावरची जागा घेतली आणि आईला घरी बसवलं.

चिडलेल्या मावशी नवी बाटली मागायला आल्या, तेव्हा आमच्या डॉक्टर सुहासिनी मॅडम चमकल्या.

“अजून चुळा भरताय?”

“या शहाण्याने सांगितलं.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग समजावलं, “पालेभाजीतल्या नायट्रेटवर जिभेच्या मागचे जंतू काम करतात. पुढे शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड वायू होतो. तो रक्तवाहिन्यांना सैल व्हायचा निरोप देतो. म्हातारपणी शरीर स्वतः हा वायू कमी बनवतं, मग या जंतूंचाच आधार. चुळांनी तेच मेले असतील.”

“म्हणजे माठ मी खायचा आणि हा मेला निरोप्यांना मारणार. शाळेत हेच शिकलास?”

“मुरबाडच्या शाळेत वायूवर हसायलाच शिकलो, मावशी.”

कुणी हसलं नाही.

चुळा बंद, बीपीच्या गोळ्या आधीसारख्याच चालू. तीन आठवड्यांनी एकशे चौतीस. उत्तमचा विश्वास बसेना. “मशीन शेजारणीच्या हाताला लावलं असशील,” तो आईला म्हणाला. मग मावशी मला दंडाला धरून बाजारात घेऊन गेल्या.

“बोल.”

“चूक माझी,” मी सगळ्या गाळेवाल्यांदेखत म्हटलं. “सात दिवसांचं औषध मी रोज घ्यायला सांगितलेलं. हा बीपीच्या आकड्यांचा कागद, मॅडमच्या सहीचा.”

उत्तमने कागद दोनदा वाचला. माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग उठला. मावशी बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

“आता घरी जाऊन माझ्या सुनेला सांग. ती म्हणते, मीच ओरडून ओरडून बीपी वाढवलं.”

“रविवारी येतो.”

तीन रविवार गेले. परवा मावशी दाढ दाखवायला आलेल्या. मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन बसलो.