खांदे गेलेला देव

नाथाजी गुरवाला पलूसकडच्या वसाहतीत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी कुणी गाव विचारलं की गडी आंबेखोलच सांगायचा. आंबेखोल होतं चांदोलीच्या रानात. राष्ट्रीय उद्यान झालं, गाव उठलं, माणसं ट्रकात बसली. देव तेवढा बसला नाही.

म्हणजे झालं असं, की निघायच्या दिवशी नाथाजीनं कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं. पुढं दरवर्षी जत्रेला वनखात्याचे लोक एक दिवस आत सोडायचे, तेव्हाही डावंच. इकडं हरणाबाईनं, त्याच्या बायकोनं, नव्या घराच्या भिंतीत देवळी करून घेतली, आणि त्या रिकाम्या कोनाड्यात ती रोज दिवा लावत राहिली.

यंदा नाथाजीचे गुडघे पार गेले होते. ही शेवटची खेप, हे त्यालाही ठाऊक होतं. सोबत वनरक्षक प्रियदर्शनी होती. वाटेत शेकरू ओरडलं तर म्हातारा म्हणाला, "वळाखलं बग मला!"

"आजोबा, आवं ते पळून जा म्हणतंय," पोरगी हसली. "आन साहेबांनी देव न्यायला परवानगी दिलीया, म्हाईत हाय न्हवं?"

"साहेब व्हय म्हणतोय गं. ह्योच न्हाई म्हणतोय."

देवळाचं छप्पर कधीच बसलं होतं, आता पुढची भिंतही पडली होती. आत गव्यांच्या खुरांचा चिखल. देव जांभ्या दगडाचा, मऊ. छपराविना पावसानं आधीच झिजत आलेले त्याचे खांदे गव्यांनी अंग घासून घासून पार घालवले होते. नाक नाही, डोळे नाहीत. नुसता गुळगुळीत गोटा, त्याला काळे केस चिकटलेले.

नाथाजीनं फुलं भिजवली, लावली. टेकायला खांदाच नव्हता, दोन्ही एकदमच खाली घसरली. पुन्हा लावली. पुन्हा तसंच. ना उजवं, ना डावं. तरी म्हातारा लावतच होता.

"आजोबा, उचला की आता. मी धरती एका अंगानं."

"न्हाई गं बाय. पाव्हण्याला बी न ईचारता उठवत न्हाईत. ह्यो तर धनी." मग चिखलातल्या खुरांकडं बघत म्हणाला, "आन आता त्यो आमचा तरी कुठं ऱ्हायलाय!"

घरी हरणाबाई देवळी सारवून उंबऱ्यातच बसली होती. त्याच्या रिकाम्या हातांकडं बघून म्हणाली, "डावाच दिला व्हय?"

"बोलला न्हाई."

"रागावला आसंल."

"रागावला आसता तर लय बरं झालं आसतं," नाथाजी म्हणाला, आणि जोडे न काढताच भिंतीला टेकला.

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. सकाळी हरणाबाईनं देवळीत मिठाची बरणी ठेवली. नाथाजीनं बघितलं. तोही काही बोलला नाही.