नलूकाकूंनी केलेली अमेरिकेची चौकशी

चार मराठी माणसं एका इंग्रजी पुस्तकावर बोलायला बसली की पुस्तक राहतं बाजूला आणि किस्से जमत जातात. आमच्या लंडनमधल्या इल्फर्डच्या वाचन ग्रुपचे तर इतके जमलेत, की एक ओढावा आणि मागोमाग तीन घरंगळत यावेत!

आता तो ग्रुप नाही. मी नोकरीसाठी मँचेस्टरला आले, देशमुखकाका गेल्या हिवाळ्यात गेले. पण शनिवारी दुपारी चहा टाकला की नलूकाकूंची फ्रंटरूम आठवते आणि फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

*

नलूकाकूंचं उभं आयुष्य इल्फर्डमध्ये गेलेलं. यजमान वारल्यावर घरात एकट्याच. मुलगा समीर अमेरिकेत, ओहायोला. दर रविवारी फोनवर त्याचा एकच धोशा, "आई, घर विकून टाक आणि कायमची इकडे ये."

काकूंना नातीची ओढ होती, पण पाय निघत नव्हता. एक दिवस मला म्हणाल्या, "काय गं, मुलगी द्यायची तर आपण स्थळाची चौकशी करतो की नाही?"

"करतो की."

"मग इथे मी अख्खी चाललेय! नुसते फोटो बघून होकार देऊ?"

म्हटलं, बरोबर आहे, पण चौकशी करणार कुणाकडे? समीरचे तिथले मित्र आहेत, त्यांना विचारा. काकूंनी हात झटकले. "ओळखीचे लोक गोड गोड सांगतात. कादंबरीवाले नाही सांगत!"

झाला ग्रुप सुरू. पुस्तक अमेरिकेचंच, बोलणं मात्र मराठीत. पुस्तकं निवडायची केतकीनं. ती इथेच जन्मलेली, सेकंडरी स्कूलमध्ये इंग्लिशची टीचर. तिचं मराठी अधूनमधून अडखळायचं, पण हट्टानं बोलायची. आणि चौथे देशमुखकाका. रिटायर्ड अकाउंटंट, क्रॉयडनहून ट्रेन बदलत यायचे आणि येतानाच वादाच्या तयारीत यायचे.

*

पहिली कादंबरी होती घोडागाडीत संसार भरून पश्चिमेला निघालेल्या एका कुटुंबाची. माळरानावर ती माणसं स्वतःच्या हातांनी घर बांधतात. काका नुसते भारावले होते!

"ह्याला म्हणतात कष्ट! कुणाकडे काही मागितलं नाही. मोकळी जमीन दिसली, उभे राहिले!"

केतकी हळूच म्हणाली, "काका, पण ती जमीन मोकळा नव्हता."

"म्हणजे?"

"नेक्स्ट मंथ," केतकी म्हणाली. टीचर ना ती!

पुढच्या महिन्यात तिनं तिथल्या मूळच्या लोकांपैकी एका लेखिकेची कादंबरी दिली. तसंच माळरान, तशीच नदी, फक्त गोष्ट सांगणारी बाई तिथून हाकलली गेलेली. काकांनी त्या दिवशी आल्यावर मफलरसुद्धा काढला नाही. नलूकाकूंनी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

शेवटी म्हणाले, "अहो, मागच्या महिन्यात मी ज्यांच्या वास्तुशांतीला जेवून आलो, ते घर दुसऱ्याच्या अंगणात होतं!"

*

गुलामगिरीवरच्या कादंबरीला मात्र कुणी हसलं नाही. त्यात एक आई आहे. तिची मुलं एकेक करून विकली जातात, आणि ती उरलेल्यांचे केस विंचरत बसते.

एकट्या वाचत असताना काकूंनी पुस्तक तिथेच मिटलं आणि समीरला फोन लावला. तिकडे जेमतेम उजाडत होतं. तो घाबराघुबरा, "आई, काय झालं? पडलीस का?"

"नाही रे. आवाज ऐकायचा होता."

हे आम्हाला सांगितलं आणि म्हणाल्या, "माझा मुलगा हसत हसत विमानात बसला. मीच त्याच्या हातावर दही घातलं. आणि मी इतकी वर्षं जगाला सांगत फिरले, की माझं पोर अमेरिकेनं नेलं! नेणं म्हणजे काय, ते आत्ता कळलं."

काका म्हणाले, "इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं मी एका परिच्छेदात वाचलं होतं. वाचता वाचता बिस्किटं खात होतो."

त्या दिवशी वाद झालाच नाही. काकांना आम्ही स्टेशनपर्यंत सोडायला गेलो, उगीचच.

*

एकदा ग्रुप काकांकडे भरला होता, क्रॉयडनला. कादंबरीत पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेला एक शिंपी. म्हातारा होतो, तरी आल्या दिवसाची ट्रंक रिकामी करत नाही. न जाणो, परत जायचं झालं तर!

काकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. "वेडा आहे लेकाचा! मुलं तिथे, दुकान तिथे, पेन्शन तिथे, आणि हा ट्रंक भरून बसलाय! अरे, जिथे राहतोस तिथे राहा ना धड!"

आतून सुधाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, मग लॉफ्टमधली तुमची ती भरून ठेवलेली बॅग आता खाली काढू का?"

आम्ही हसून हसून पडलो. काका मात्र उठून पोह्यांचं बघायला आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

*

मग आली सबर्बमधल्या एका बाईची कादंबरी. मोठं घर, मागे लॉन, गॅरेजमध्ये दोन गाड्या, आणि बाई दिवसभर खिडकीत. काकूंना काही केल्या ती बाई पचेना.

"ही बाहेर का पडत नाही?"

"पडून जाणार कुठे? सगळं लांब आहे," मी म्हटलं.

काकूंनी तिथल्या तिथे समीरला व्हिडिओ कॉल लावला. "समीर, तुझ्या घराजवळ बसस्टॉप कुठे आहे रे?"

"बस नाहीये इथे, आई. मी सोडीन ना तुला, कुठे जायचं तिथे."

"आणि तू ऑफिसला गेलास की?"

काकूंनी पर्समधून आपला पास काढला, इथे वय झालं की बसने फुकट फिरायला मिळतो तो, आणि स्क्रीनसमोर नाचवला. "सगळी पुस्तकं तुमची फ्रीडम फ्रीडम म्हणतात, आणि साधा फ्रीडम पास देत नाहीत? कसला रे देश तुमचा!"

*

त्या उन्हाळ्यात समीर आला, नेहमीसारखाच मुलीला घेऊन. तारा तेव्हा पंधरा वर्षांची. ह्या वेळी त्यानं एस्टेट एजंटलाही सांगून ठेवलं होतं, सोमवारी घर बघायला ये म्हणून. काकूंनी होकार दिला नव्हता, पण नाहीही म्हणत नव्हत्या. आमचा जीव टांगणीला!

शनिवारी ग्रुप भरला. समीर दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अहो काका, हे सगळं पुस्तकातलं. अमेरिका इतकी कॉम्प्लिकेटेड नाहीये."

"असं? मग सांग, अमेरिकन म्हणजे कोण?"

"ज्याच्याकडे पासपोर्ट आहे तो!"

"हे तर विमानतळावरचा माणूसही सांगेल!" काका ताराकडे वळले. ती कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. "आपल्यात अमेरिकेत जन्मलेली ही एकटीच. तू सांग बाळा."

तारा गडबडली. "मी? आय डोन्ट नो. मी तिथेच बॉर्न झाले, तरी स्कूलमध्ये विचारतात, यू आर रिअली फ्रॉम व्हेअर?"

"मग काय सांगतेस? इंडिया?"

"इंडियाला मी वन्सच गेले." तिनं खांदे उडवले. "मी सांगते, इल्फर्ड."

खोलीभर हशा! सगळ्यात मोठ्यानं समीर हसला. "अगं, इल्फर्ड काय! वेडी का तू?"

ताराचे कान लाल झाले. "व्हाय नॉट? तिकडे सगळ्यांचा एक प्लेस असतो, जिथून ते आले. आज्जी इथे आहे. एव्हरी समर आपण इथेच येतो. मग माझा हाच आहे ना?"

काकू चहा ओतत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "समीर, त्या एजंटला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"अगं आई, पण का?"

"पोरीचं गाव विकतात का रे?"