पदर वर करण्याची ऑर्डर

निजामाच्या राज्यात मी सिपाही होतो. आमची चौकी माजलगावजवळ, सिंदफणेच्या काठी. कवायत करायची, रायफल पुसायची आणि जहागीरदाराने बोलावलं की निघायचं. गावोगावच्या पोरी त्याच्या गढीत कामाला म्हणून न्यायचे. गेलेली पोर परत आलेली मी एकदाही पाहिली नाही. तरी पाच वर्षं गुमान नोकरी केली. त्याची आजही लाज वाटते.

एक दिवस ऑर्डर आली, नदीपलीकडच्या गावातून गंगू नावाची तेरा वर्षांची पोर आणा. बाप मेलेला, घरात एकटी आई. जमादार घोड्यावर, नाईक सखाराम आणि आम्ही चार सिपाही पायी. सकाळी आठला गावात शिरलो.

गावात आवाजच नव्हता. जात्याची घरघर नाही, चुलीचा धूर नाही, कुत्रंही भुंकलं नाही. दारं सताड उघडी, घरं रिकामी.

मारुतीच्या पारापाशी बाया ओळीने बसल्या होत्या. चाळीसेक असतील. सगळ्यांचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. वाऱ्याने पदर तेवढे हलत होते. परक्या पुरुषाने बाईच्या पदराला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्याच भरवशावर त्यांनी पोर लपवली होती.

"गंगू कोणती हाय?" जमादार ओरडला.

बायांनी पदर आणखी घट्ट धरले.

मला ती दिसली. आठवड्यापूर्वी तिने मला विहिरीवर पाणी पाजलं होतं. मनगटावर विंचू गोंदलेला. ओळीतल्या तिसरीच्या मनगटावर तोच विंचू होता.

"तू वळखतो का बे?" जमादाराने मला विचारलं.

"न्हाई, साहेब."

"नाईक, एकेकीचा पदर वर कर."

सखाराम पुढे झाला आणि बायांकडे पाठ करून उभा राहिला. "ह्ये माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"ऑर्डर हाय."

"असू द्या."

जमादाराने त्याच्या छातीत गोळी घातली. एकही बाई किंचाळली नाही. चाळीस झाकलेले चेहरे एकदम जमादाराकडे वळले. त्याचा घोडा मागे सरकू लागला.

"चला," तो कसाबसा म्हणाला. तिघे त्याच्यामागे गेले. मी रायफल खाली ठेवली.

सखारामला मागेपुढे कुणी नव्हतं. एरवी बाया मसणात जात नाहीत. त्या दिवशी त्यांनीच त्याला नदीवर नेलं. अग्नी द्यायला मी पुढे झालो, तर गंगूने माझ्या हातातला टेंभा घेतला.

"मी देते. आजपास्नं माझा बाप हाय त्यो," ती म्हणाली.

दुपारीच मायलेकींना घेऊन मी नगरच्या इंग्रजी मुलखाकडे निघालो. पुढे कळलं, फौजेच्या दप्तरात सखारामच्या नावापुढे 'फरार' लिहिलं आहे. ते खोटं आहे. नाईक सखाराम, राहणार लिंबागणेश, आपल्या जागेवर उभा असताना पडला. मी तिथे होतो.