धाकटा बिलासपूरला ड्यूटीवर होता

दादावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. दादा आमच्यात थोरला, मी मधली, आणि आमचा एक धाकटा. धाकटा रायपुरातच, गुढियारीच्या मालधक्क्यावर सुपरवायझर होता. कंबर धरली म्हणून दुखण्याच्या कॅप्सूल सुरू झाल्या. कंबर सुटली, कॅप्सूल सुटल्या नाहीत. माझं आणि त्याचं, दोघांचीही लग्नं राहिली होती, तात्यापाऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच. एका खोलीपलीकडे काय चाललंय हे कळायला मला तरी दोन वर्षं लागली. सरकारी ऑफिसात लोकांच्या फायली तपासत आयुष्य काढलेली बाई मी!

तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो परत आला. त्यानंतर दर रविवारी गुढियारीतल्या एका शाळेत नशा सोडलेल्यांची मीटिंग असे, आणि बाजूच्या वर्गात आम्हा घरच्यांची. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसायचो आणि काउन्सेलर दीदी शिकवायची. पोरीचं वय माझ्या भाचीएवढं, पण बोलणं कडक. तिने एक गोष्ट इतक्यांदा सांगितली की मी ती झोपेतही म्हटली असती. नशा बंद झाली की शरीराची सवय मोडते, मग जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर तेवढंच माप जीव घेतं. म्हणून सुरुवातीला माणसाला एकटं सोडू नका. हलवून उठेना, श्वास मंदावला, ओठ निळे पडले, तर कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. "शरम बाद में कर लेना," हे तिचं शेवटचं वाक्य.

दादा या बैठकीला एकदाच आला, पण मान हलवण्यात सगळ्यांच्या पुढे होता. बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "आता काही लपवाचं नाही, बरं का." मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आता माझीच मला चीड येते.

पुढे दादाच्या मुलीचं नागपूरला जमलं. साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, रायपुरातच करायचं ठरलं. आठ दिवस आधी दादा घरी आला आणि धाकट्याच्या समोरच बोलला, "नागपूरचे लोक लय चौकश्या करून राहिले. मी सांगून टाकलं, धाकटा बिलासपूरले ड्यूटीवर आहे, सुट्टी नाही भेटली. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. याले घरीच राहू दे."

"हव दादा, काही नाही," धाकटा म्हणाला. हसलासुद्धा. पाच महिने झाले होते त्याला सगळं सोडून.

साक्षगंधाच्या दिवशी मी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि सदर बाजाराजवळच्या हॉलवर गेले. दर तासाला फोन करायचा ठरला होता. बाराला त्याने उचलला, एकलाही उचलला. दोनला उचलला नाही. तीनदा लावला. मी दादाच्या कानाशी जाऊन सांगितलं. पाहुण्यांकडे बघून हसणं न थांबवता तो म्हणाला, "झोपला असन. पोट्टीची ओटी भरू दे आधी."

ओटीचं ताट माझ्याच हातात होतं. ते मी वहिनीच्या हातात कोंबलं आणि निघाले. भर उन्हात, रेशमी साडीत, सदर बाजारातल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत धावले. लोक बघत होते. बघू देत.

तो पलंगाशेजारी जमिनीवर पडला होता. ओठ निळसर. घोरल्यासारखा एक श्वास, मग इतका वेळ काहीच नाही की मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. कुशीवर वळवलं. अँब्युलन्सला फोन केला. आणि मग दादाला केला, कारण काही झालं की दादाला सांगायचं ही लहानपणापासूनची सवय.

दादा अँब्युलन्सच्या आधी पोचला. अँब्युलन्सच्या माणसांना म्हणाला, "भैया, लू लग गई है इसको." दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, तर तेच. "धूप में घूमता है, सुनता नहीं किसी की." नर्स सलाईनची तयारी करू लागली. कॅप्सूलचं रिकामं पाकीट माझ्या मुठीत होतं. दादाने माझं मनगट दाबलं. "आज नको. ते लोक अजून हॉलवरच आहेत."

सख्खा भाऊ समोर निळा पडत होता आणि हा माणूस पाहुणे मोजत होता. मी हात हिसडला आणि ओरडले, "सर, लू-बू कुछ नहीं! कैप्सूल खाया है. पाँच महीने से बंद था, आज खाया है." डॉक्टरने पाकीट पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि घाईने एक इंजेक्शन दिलं. काही वेळाने धाकट्याने खोल श्वास ओढला. "पहले क्यों नहीं बताया?" डॉक्टरने दादाला विचारलं. दादा मोबाइल बघत होता.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मी दादाशी बोलणं टाकलं. धाकटा पुन्हा रविवारी जाऊ लागला. घरच्यांच्या बैठकीत मी ही हकीकत अगदी तिखटमीठ लावून सांगितली. बायकांनी दादाला शिव्या घातल्या आणि दीदीने सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी घरी येऊनही माझं दादापुराण चालूच होतं. धाकटा जेवता जेवता थांबला.

"ताई, मले दादाचा राग नाही. तो असाच आहे, मले माहीतच होतं."

"मंग काहून खाल्ल्या तू?"

"त्यानं बिलासपूरची गोष्ट सांगितली तवा मी तुह्याकडे पाहून राहिलो होतो. वाटलं, ताई आता काहीतरी म्हणन." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तू म्हटलं, दादा, चहात साखर किती टाकू?"